रामघाटावरचा संकल्प : मद्यासक्ती कशी जडते आणि कशी वाढत जाते

१ एप्रिल २०२५ पासून उज्जैन महानगरपालिकेच्या हद्दीतील दारूची दुकाने बंद झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत महेश्वर येथे भरलेल्या मध्य प्रदेश मंत्रिमंडळाच्या बैठकीत राज्यातील निवडक तीर्थक्षेत्रांसाठी हा निर्णय झाला होता आणि त्या यादीत महाकालाची नगरी असणे स्वाभाविकच होते. मात्र याच नगरीत कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवला जातो, आणि नवरात्राच्या महाअष्टमीला चौबीस खंबा मातेच्या मंदिरात जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते देवीला मद्य अर्पण करून नगरपूजेला आरंभ होतो. राणोजी शिंद्यांच्या काळापासून मराठ्यांशी जोडल्या गेलेल्या या शहरात मद्याचा नैवेद्य आणि मद्याचा निषेध असे शेजारी नांदत आले आहेत. त्यांच्या जोडीला मद्याशी असलेला तिसरा संबंध रामघाटावर दिसतो, तो म्हणजे त्यागाच्या संकल्पाचा. काशीला जाऊन आवडीची वस्तू सोडावी, तसे क्षिप्रेत स्नान करून, ओंजळीत पाणी घेऊन काहीतरी सोडण्याची रूढी जुनी आहे, आणि असे संकल्प करणाऱ्यांत दारू सोडू पाहणारेही असतात. त्यांतील अनेकांचा संकल्प प्रामाणिक असूनही काही दिवसांत, कधी काही तासांतच मोडतो. तो का मोडतो, हे समजून घ्यायचे असेल तर मद्यासक्ती कशी जडते आणि वर्षानुवर्षे कशी बळावत जाते, हे पाहावे लागते. कारण ज्या वेळी माणसाला संकल्पाची गरज भासू लागते, त्या वेळेपर्यंत पिण्याचा निर्णय बऱ्याच अंशी मनाच्या हातून निसटून शरीराच्या हाती गेलेला असतो.

‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ संकट किंवा आपत्ती असा आहे. कौटिल्याने राजावर ओढवणाऱ्या व्यसनांची चर्चा करताना मृगया, द्यूत आणि स्त्रिया यांच्या जोडीला मद्यपानाची गणना केली आहे, तर चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मद्याच्या अतिरेकातून उद्भवणाऱ्या विकाराला ‘मदात्यय’ असे नाव देऊन त्याच्या उपचारांसाठी एक संपूर्ण अध्याय खर्ची घातला आहे. चरकाने मदाच्या, म्हणजे नशेच्या, चढत्या अवस्था वर्णिल्या आहेत. परंतु त्या एका बैठकीतल्या आहेत. एका बैठकीत माणूस आनंदापासून बेशुद्धीपर्यंत कसा जातो हे जसे क्रमाने सांगता येते, तसेच कित्येक वर्षांच्या कालावधीत तो हौसेपासून लाचारीपर्यंत कसा जातो हेही सांगता येईल काय, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने पुढे आणला. स्वीडिश वैद्य माग्नुस हुस याने १८४९ मध्ये या दीर्घकालीन विकाराला ‘अल्कोहोलिझम’ हे नाव दिले. आज वैद्यकात त्याऐवजी ‘मद्यावलंबन’ किंवा ‘मद्यसेवनाचा विकार’ अशा संज्ञा वापरल्या जातात, कारण ‘दारुडा’ म्हटले की माणसाचा स्वभाव डोळ्यांपुढे येतो, आणि ‘विकार’ म्हटले की त्याच्या उपचाराचा विचार करता येतो.

प्रारंभीचा टप्पा निरुपद्रवी दिसतो, आणि बहुसंख्य पिणाऱ्यांच्या बाबतीत तो तसाच राहतो. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीत किंवा रममध्ये साधारणतः ४२.८ टक्के इथेनॉल, म्हणजे पिण्यायोग्य अल्कोहोल, असते. त्यामुळे ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमधून सुमारे १० ग्रॅम आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमधून सुमारे ६० ग्रॅम इथेनॉल पोटात जाते. हे इथेनॉल मेंदूत पोहोचले की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे मज्जापेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढतो आणि त्यांना उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’ या रसायनाचा प्रभाव घटतो, त्यामुळे भीड चेपते, चिंता विरते आणि अंग सैलावते. दुसरी म्हणजे ‘डोपामिन’ या रसायनाचा स्राव वाढतो आणि ‘हे सुखाचे आहे, लक्षात ठेव’ अशी नोंद मेंदू करून ठेवतो. ज्याला आधीपासून फारशी चिंता नाही त्याला एवढ्याने विशेष काही मिळत नाही. परंतु ज्याच्या मनात न्यूनगंड, अनिद्रा, दुःख किंवा नुसते रिकामपण साचलेले असते, त्याला जणू औषधच सापडते, आणि त्याचे पिणे मैफलीपुरते न राहता मनाच्या गरजेपुरते होऊ लागते.

यानंतर जे घडते त्याचे आपल्याकडे कौतुकच होते. ‘त्याला चढत नाही’, ‘त्याला पचते’ हे उद्गार मर्दुमकीचे प्रशस्तिपत्र म्हणून काढले जातात, परंतु वैद्यकाच्या दृष्टीने ते विकाराचे पहिले स्पष्ट लक्षण असू शकते. रोजच्या मद्याला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःची रचना बदलतो: गाबाला प्रतिसाद देणारी ग्राहके मंदावतात, ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी वाढतात, आणि यकृतही मद्याचा निचरा करणारी जादा यंत्रणा कामाला लावते. परिणामी जो परिणाम पूर्वी दोन पेगांत मिळत असे त्यासाठी चार लागतात. या स्थितीला ‘सह्यता’ म्हणतात. सह्यता वाढलेला माणूस कमी झिंगतो म्हणून तो सुरक्षित आहे असे वाटते. वस्तुतः त्याची जीभ अडखळत नसली तरी त्याच्या यकृताला, जठराला आणि हृदयाला त्या चारही पेगांचा हिशेब चुकता करावाच लागतो.

या वाटचालीचा पहिला गाजलेला नकाशा ई. एम. जेलिनेक यांनी काढला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारूतून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या परस्परसाहाय्य गटाच्या सभासदांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून त्यांनी आरंभ केला आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात पूर्वावस्था, पूर्वसूचक अवस्था, निर्णायक अवस्था आणि जीर्ण अवस्था असे चार टप्पे मांडले. पूर्वावस्थेत माणूस मनाचा ताण उतरवण्यासाठी पितो आणि त्याची सह्यता वाढत जाते. पूर्वसूचक अवस्थेची नांदी होते ती स्मृतिलोपाने: रात्री व्यवस्थित बोललेला, गाडी चालवून घरी आलेला माणूस सकाळी त्यांतले काहीच आठवू शकत नाही. हा बेशुद्धपणा नव्हे. त्या काळात मेंदूचा स्मृती साठवणारा भाग मद्यामुळे बंद पडलेला असतो, त्यामुळे आठवण पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही, ती मुळात लिहिलीच गेलेली नसते. याच सुमारास समारंभाला जाण्यापूर्वी घरूनच दोन घोट घेऊन निघणे, पहिला ग्लास घाईने रिकामा करणे, बाटली कपाटात कपड्यांमागे ठेवणे आणि दारूचा विषय निघाला की तो टाळणे हे प्रकार सुरू होतात. पिणे लपवावेसे वाटणे याचा अर्थ ते इतरांसारखे राहिलेले नाही, हे आत कुठेतरी जाणवलेले असते.

निर्णायक अवस्थेचे मर्म ‘नियंत्रण सुटणे’ या दोन शब्दांत आहे. हा माणूस कित्येक दिवस न पिता राहू शकतो, म्हणून तो स्वतःला आणि इतरांना ‘मनात आणले तर सोडू शकतो’ असे पटवून देतो. परंतु पहिला घोट घेतल्यानंतर कुठे थांबायचे हे त्याच्या हाती उरत नाही. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा मेंदूतील रसायनांची ही माहिती कोणालाच नव्हती, पण नाटकाच्या शीर्षकातल्या ‘एकच’ या शब्दात हे मर्म नेमके पकडले आहे. वकिलीतल्या अपमानानंतर पहिला प्याला घेणारा सुधाकर आणि त्याला तो देणारा तळीराम ही पात्रे मराठी समाजात इतकी मुरली की ‘तळीराम’ हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. या टप्प्यावर माणूस आपल्या पिण्याला कारणे जोडू लागतो, आणि बायको भांडते, साहेब छळतो, धंदा बसला अशी त्याची यादी लांबत जाते. ती कारणे खोटी असतातच असे नाही, मात्र कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली असते, कारण भांडण, छळ आणि तोटा यांतले बरेचसे आता दारूमुळेच उद्भवलेले असते.

मेंदूच्या आत या काळात झालेला बदल तीन पदरी असतो. पहिला पदर शिकलेल्या सवयीचा आहे. संध्याकाळची वेळ, ठरावीक नाका, बर्फाचा आवाज, चकण्याचा वास या खुणा डोपामिनच्या यंत्रणेला इतक्या घट्ट जोडल्या जातात की प्रत्यक्ष दारू समोर नसतानाही त्या तलफ जागवतात. दुसरा पदर उलट्या सुखाचा आहे. आरंभी माणूस आनंद मिळवण्यासाठी पीत होता, आता तो अस्वस्थता घालवण्यासाठी पितो, कारण मद्याशी जुळवून घेतलेल्या मेंदूला मद्यावाचून चैन पडत नाही. तिसरा पदर विवेकाचा आहे. कपाळामागील मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करून तात्कालिक ओढीला लगाम घालतो, तोच दीर्घकाळच्या मद्यपानाने दुबळा होतो. संकल्प करणे आणि पाळणे हे याच भागाचे काम असल्यामुळे ज्या साधनाने दारू सोडायची तेच साधन दारूने बोथट केलेले असते. हा भाग विशीच्या मध्यापर्यंत पूर्ण विकसित होत नाही, म्हणून अल्पवयात पिणे सुरू करणाऱ्यांना पुढे अवलंबन जडण्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो.

शरीराची झीज याच क्रमाने, परंतु अधिक गुपचूप चालते. यकृतात इथेनॉलचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि नंतर ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. या कामाचा वेग ताशी साधारण एका लहान पेगाएवढाच असतो, आणि लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वाढत नाही. रोज अतिरेकी पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साचते. पिणे थांबवल्यास ती काही आठवड्यांत ओसरू शकते. पुढे काहींना यकृतदाह होतो, आणि काहींच्या यकृतात निबर तंतूंचे जाळे पसरून ‘सिऱ्होसिस’ होतो, ज्यात पोटात पाणी भरते आणि अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. जेवणाऐवजी दारूवर जगणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इतके कमी पडते की डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो आणि भ्रम होतो. कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेल्या या विकारावर वेळीच थायमिन न दिल्यास नवे काहीही लक्षात न राहण्याची कायमची अवस्था ओढवू शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक चढते, आणि पिण्यास उशिरा आरंभ करूनही त्या या टप्प्यांवर लवकर पोहोचतात.

जीर्ण अवस्थेत वर्तुळ पूर्ण होते. रात्रीच्या दारूचा त्रास सकाळच्या दारूने घालवण्याला ‘उतारा’ म्हणतात, आणि उतारा रोजचा झाला की दिवस आणि रात्र यांतला फरक संपतो. विशेष म्हणजे या टप्प्यावर, यकृत निकामी होऊ लागल्यामुळे, वाढलेली सह्यता उलट घटते आणि थोड्याशा दारूनेही माणूस कोसळतो. जेलिनेक यांनी या अवस्थेच्या लक्षणांत दोन गोष्टी नोंदवल्या आहेत, ज्या उज्जैनच्या संदर्भात लक्ष वेधून घेतात: पिण्यासाठी नसलेली औद्योगिक द्रव्ये पिणे, आणि अस्पष्ट अशी धार्मिक ओढ निर्माण होणे. पहिल्या लक्षणाची शोकांतिका या शहराने ऑक्टोबर २०२० मध्ये पाहिली. ‘झिंझर’ या नावाने विकले जाणारे स्वस्त स्पिरिटमिश्रित पेय प्याल्याने तेव्हा दहाहून अधिक माणसे दगावली, आणि मृतांत मजूर व पदपथावर राहणारे लोक मोठ्या संख्येने होते. अशा पेयांतील घातक घटक बहुधा मिथेनॉल असतो. इथेनॉल पचवणारीच विकरे मिथेनॉलचे रूपांतर फॉर्मिक आम्लात करतात, आणि ते आम्ल प्रथम दृष्टिमज्जेला व पुढे जिवाला घातक ठरते. हातात वीस रुपये असलेला आणि अंग थरथरणारा माणूस बाटलीवरचे लेबल पाहत नाही. त्याला मृत्यूपर्यंत नेणारी वाट त्या दिवशी सुरू झालेली नसते.

या नकाशाकडे पाहताना एक सावधगिरी आवश्यक आहे. जेलिनेक यांच्या मूळ पाहणीत केवळ ९८ पुरुषांची उत्तरे होती आणि ते सर्व शेवटच्या टप्प्यांपर्यंत पोहोचून परतलेले होते. त्यामुळे प्रत्येक पिणारा हीच वाट, याच क्रमाने, अखेरपर्यंत चालतो असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी शेकडो पुरुषांच्या अनेक दशकांच्या आयुष्यक्रमाचा मागोवा घेऊन १९८३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात काहींचा विकार वाढत गेला, काही वर्षानुवर्षे एकाच पायरीवर रेंगाळले, तर काही मधूनच बाहेर पडले, असे दिसले. कोण किती वेगाने घसरतो, यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधील दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मद्यासक्त जन्मदात्यांचे मुलगे दुसऱ्या घरी वाढूनही त्यांच्यात मद्यासक्तीचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळले. उरलेला वाटा परिस्थितीचा, सोबतीचा, दुकानाच्या अंतराचा आणि बाटलीच्या किमतीचा असतो. म्हणूनच आजचे निदान ‘किती पितो’ यावर थांबत नाही. तीव्र तलफ, नियंत्रण सुटणे, न प्यायल्यास शारीरिक त्रास, वाढलेली सह्यता, अन्य आवडीनिवडींची उपेक्षा आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणे या सहा खुणांपैकी तीन एका वर्षात एकत्र आढळल्या, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणानुसार ते अवलंबन ठरते.

आता रामघाटावरील त्या संकल्पाकडे पुन्हा पाहता येईल. कित्येक वर्षे रोज दोन क्वार्टर रिचवणाऱ्या माणसाने रात्री दहाला शेवटचा घोट घेतला आणि पहाटेच्या स्नानाच्या वेळी पाण्यात उभे राहून दारू सोडली, असे समजा. त्याच्या ओंजळीतले पाणी हिंदकळत असते. ते थंडीने किंवा भक्तिभावाने नव्हे, तर रक्तातील मद्य उतरू लागल्यामुळे. शांत करणारा पदार्थ निघून गेला आहे, परंतु त्याच्याशी झुंजण्यासाठी मेंदूने वाढवलेली उत्तेजना जागच्या जागीच आहे, म्हणून हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, अन्न नकोसे वाटते आणि झोप उडते. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत काहींना फिट येऊ शकते. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चौथ्या दिवसापर्यंत काही थोड्यांना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हा उन्मादी भ्रम होतो: स्थळकाळाचे भान सुटते, अंगावर किडे चालल्याचा भास होतो, ताप चढतो, आणि उपचार न झाल्यास मृत्यूही येऊ शकतो. नातेवाइकांना हे ‘बाहेरची बाधा’ वाटते आणि ते मांत्रिक शोधू लागतात. खुद्द त्या माणसाला एवढेच कळते की एक घोट घेतला तर हे सारे अर्ध्या तासात थांबेल. आणि ते थांबतेही. संकल्प मोडतो तो येथे. शिवाय असा त्रास सोसून पुन्हा पिण्याचे प्रसंग जितके वाढतात, तितका पुढच्या वेळचा त्रास अधिक तीव्र होत जातो, म्हणजे वारंवार मोडलेला संकल्प नुसता फुकट जात नाही, तो पुढचा संकल्प अवघड करून ठेवतो.

उपाय आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने एकाएकी आणि एकट्याने दारू सोडणे धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस डायझेपाम किंवा लोराझेपाम या वर्गातील औषधे देऊन मेंदूची उत्तेजना हळूहळू उतरवता येते, आणि सोबत थायमिन दिले जाते. त्यानंतरच्या काळात तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे उपयोगी पडतात. डायसल्फिराम हे औषध घेतल्यावर दारू प्यायल्यास तीव्र मळमळ व धडधड होते, म्हणून ते रुग्णाच्या पूर्ण संमतीनेच द्यायचे असते. घरच्यांनी ते आमटीत गुपचूप कालवण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. पण औषधाने शरीर सावरते, जगणे सावरायला माणसे लागतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने औषधांच्या जोडीला समुपदेशन, दिनक्रम, कुटुंबाचा सहभाग आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच कार्यकर्ते होणे ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली. पुन्हा पिण्याला तेथे ‘स्लिप’ म्हणतात. पाय घसरलेला माणूस उठून पुन्हा चालू लागतो, असा अर्थ त्या शब्दात गृहीत आहे.

अशा मदतीपर्यंत पोहोचणारे मात्र थोडे आहेत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी जवळजवळ ३ कोटी अवलंबनाच्या अवस्थेत आहेत. या अवस्थेतील ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळते. दुकानबंदीमुळे पहिला प्याला लांब जातो, दररोजच्या वाटेवरची खूण पुसली जाते, आणि जो अजून पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर आहे त्याला याचा खरा लाभ होऊ शकतो. परंतु जो शेवटच्या टप्प्यावर आहे त्याची तलफ हद्दीच्या रेषेवर थांबत नाही; त्याच्यासाठी दुकान बंद होताना दवाखान्याचे दार उघडले नाही, तर तो हद्द ओलांडतो किंवा झिंझरसारखे काही शोधतो.

तरीही घाटावरचा संकल्प व्यर्थ आहे असे म्हणता येत नाही. जेलिनेक यांनी नोंदवलेली ती अस्पष्ट धार्मिक ओढ म्हणजे बहुतेकदा ‘आपल्याने हे एकट्याने होत नाही’ या कबुलीचे रूप असते, आणि उपचाराची सुरुवात त्याच कबुलीपासून होते. चूक असते ती संकल्पाच्या मापात, कारण घाटावर दारू बहुधा ‘आयुष्यभरासाठी’ सोडली जाते, आणि दुबळ्या झालेल्या विवेकाला एवढा लांबचा पल्ला पेलवत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये म्हणूनच ‘फक्त आजचा दिवस’ न पिण्याचे ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ठरवतात. क्षिप्रेच्या पाण्यात उभ्या असलेल्या यजमानाकडून गुरुजी संकल्प वदवून घेतात, तेव्हा त्यातही संवत्सर, मास, पक्ष सांगत सांगत अखेर आजच्या तिथीचा आणि आजच्या वाराचा उच्चार केला जातो. उद्याची तिथी त्यात नसते.